माईनमूळ, मुलुंड

मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या गुजराती किराणा दुकानात लोणच्याच्या बरण्यांची फळी नीट पाहिली, तर एखाद्या बरणीवर ‘गरमर’ असे लिहिलेले दिसते. आत मिठामसाल्यात मुरलेली बोटाएवढी मुळे असतात. मराठी घरांतल्या जुन्या बायका यालाच माईनमूळ म्हणतात. झाड तुळशीच्या कुळातले, आणि आपल्या गॅलरीत डब्यात वाढणाऱ्या पानओव्याचे तर अगदी सख्खे चुलत भावंड. शास्त्रीय नाव कोलियस फोर्सकोली.

जीववैद्यकीय संशोधनातल्या नोकऱ्यांवरचे प्रकरण लोणच्याच्या बरणीपासून सुरू करायला कारण आहे. याच मुळातून निघालेला एक पांढरा पदार्थ आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये, फ्रीझरच्या कुठल्या ना कुठल्या खणात, छोट्या कुपीत पडून असतो. त्याचे नाव फोर्सकोलिन. आणि तो पहिल्यांदा ओळखला गेला तो मुलुंडमध्ये.

१९७०च्या दशकात हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचे संशोधन केंद्र मुलुंडला होते. भारतीय वनस्पतींचे अर्क काढायचे, ते प्राण्यांवर तपासायचे, काही परिणाम दिसला की अर्काचे भाग पाडत पाडत नेमका कोणता रेणू काम करतो तिथपर्यंत पोहोचायचे, असे ते काम. रसायनशास्त्रज्ञ नोएल डिसूझा यांच्या चमूने माईनमुळाच्या अर्कात रक्तदाब उतरवणारा आणि हृदयाच्या स्नायूला जोर देणारा गुण टिपला. सुजाता भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूची रचना उलगडून १९७७ साली प्रसिद्ध केली.

पुढची पायरी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पडली. १९८१ साली सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवले की फोर्सकोलिन पेशीतल्या एका विकराला थेट चालू करते. हा विकर म्हणजे ॲडेनिलेट सायक्लेज. तो ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा निरोप्या तयार करतो. संप्रेरक पेशीच्या दारावर येऊन थांबते आणि आतला निरोप हा निरोप्या नेतो. या निरोप्याच्या शोधासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१चे नोबेल मिळाले होते. तोवर हा निरोप्या वाढवायचा तर दारावरची योग्य घंटा वाजवावी लागे, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीची घंटा निराळी. फोर्सकोलिनमुळे मागच्या दाराने आत शिरून थेट कळ दाबता येऊ लागली. चेतापेशींच्या अभ्यासापासून स्वादुपिंडाच्या अभ्यासापर्यंत त्याची मागणी वाढली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला तर सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या आतड्यातल्या पेशींचे सूक्ष्म गोळे वाढवतात, त्यांवर फोर्सकोलिन घालतात आणि ते किती फुगतात यावरून त्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज बांधतात.

पाट्या बदलतात

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मुलुंडचे ते केंद्र हेक्स्टचे राहिले नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते निकोलस पिरामलकडे गेले. त्याआधी याच केंद्राने भारतीय झाडातल्या रोहिट्युकिन या द्रव्यावरून फ्लेवोपिरिडॉल तयार केले होते. पेशीविभाजनाचे चक्र चालवणारे विकर रोखणाऱ्या औषधांपैकी माणसांवरच्या कर्करोग चाचण्यांत पोहोचलेले ते पहिले.

पश्चिम रेल्वेवरची गोष्ट याहून वेगळी नाही. गोरेगावला सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख. नैराश्यावरचे सिंटामिल हे औषध तिथले. पुढे तेही केंद्र बंद झाले.

यामागे मोठे कारण कायद्याचे होते. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट रद्द केले आणि फक्त ते बनवण्याच्या कृतीवरचे ठेवले. परदेशी कंपन्यांना इथे नवा रेणू शोधण्यात फायदा दिसेना. उलट देशी कंपन्यांना तोच रेणू निराळ्या कृतीने बनवण्याची मुभा मिळाली आणि औषधे स्वस्त झाली. म्हणून उपनगरांत नोकऱ्या वाढल्या त्या कृतिरसायनाच्या, गोळीत औषध नीट बसवण्याच्या आणि गुणवत्ता तपासणीच्या. २००५ साली रेणूवरचे पेटंट परत आले, तेव्हा वारे पुन्हा थोडे फिरले.

पण माणसांचे काय झाले? सुजाता भट पवईला आयआयटी मुंबईत रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. नंतर मुलुंड पूर्वेच्या वझे-केळकर महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर त्यांचे शोधनिबंध दिसू लागले. पत्ता दोनदा बदलला. विषय मात्र वनस्पतीतले रेणू हाच राहिला.

या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ही गोष्ट जवळ ठेवावी. इथे कायमची पदे थोडी आणि मुदतीची फार. ‘प्रोजेक्ट संपला की पद संपले’ हे वाक्य पहिल्याच महिन्यात कानावर पडते. म्हणून पदाकडे पाहताना ते किती दिवस टिकेल याच्याइतकेच, ते सुटेल तेव्हा आपल्या हातात काय असेल, हे पाहायला हवे.

लोकलच्या नकाशावर

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला एक फायदा आहे, आणि तो मुलाखतीत कुणी मोजत नाही. देशातल्या कुठल्याही शहरात क्वचितच सापडतील इतक्या संशोधन संस्था लोकलच्या पासावर गाठता येतात.

मध्य रेल्वेने परळला उतरा, नाहीतर बोरिवलीहून येऊन प्रभादेवीला. दोन्हीकडून चालत जाण्याच्या अंतरात हाफकिन संस्था आहे. १८९७ साली वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचली, आणि १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली, तीच ही. केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. ती १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. त्याआधी पाच वर्षे, १९५२ साली, डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला होता. प्रजनन आरोग्यावरची आयसीएमआरची संस्था परळलाच, टाटा मेमोरियल परळलाच. टाटांची संशोधन शाखा आता खारघरला असली तरी तिचे मूळ परळमधल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. त्याच केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. हार्बर मार्गाने गोवंडीला उतरले की देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. ज्यांना परीक्षानळीपेक्षा आकडे जवळचे वाटतात, त्यांनी हा पत्ता लिहून ठेवावा.

उपनगरांतच पाहायचे तर पवईला आयआयटीचा जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग आहे. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे विभाग आणि २००७ साली सुरू झालेले मूलभूत विज्ञान केंद्र. विलेपार्ल्याला एनएमआयएमएसची विज्ञान शाखा. त्यांच्या जोडीला अंधेरीचे भवन्स, पार्ल्याची मिठीबाई आणि साठ्ये, मुलुंडचे वझे-केळकर अशी पदव्युत्तर वर्ग असलेली महाविद्यालये. खाजगी क्षेत्रात विक्रोळीला सिपला, कांदिवलीला इप्का, गोरेगावला सन फार्मा. अंधेरीच्या काचेच्या इमारतींत औषध चाचण्यांची कागदपत्रे पाहणारी, नियामकांना उत्तरे लिहिणारी कार्यालये. तिथे पांढरा कोट लागत नाही, पण जीवशास्त्र लागते.

जाहिरात कशी वाचावी

संशोधनातली नोकरी बहुधा संस्थेच्या संकेतस्थळावरच्या एका पानी पीडीएफमधून येते. ‘थेट मुलाखत, मूळ प्रमाणपत्रांसह सकाळी साडेनऊला हजर राहावे, प्रवासखर्च मिळणार नाही.’ ही भाषा एकदा कळली की पानाच्या आतले खूप काही दिसू लागते.

पहिला प्रश्न, पगार आहे की फेलोशिप? ज्युनियर रिसर्च फेलो, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘जेआरएफ’, याला केंद्र सरकारच्या दराने १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनी काम समाधानकारक ठरले तर सीनियर फेलो म्हणून ४२,०००. त्याआधी हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटची सुरुवात ५८,००० पासून. घरभाडे भत्ता वेगळा. पण जाहिरातीत ‘एकत्रित मानधन’ असे असेल, तर त्या आकड्याबाहेर काही मिळणार नाही असे समजावे. मुंबईत हा फरक मोठा पडतो. ज्याचे घर मुलुंडला आहे, त्याची अर्धी फेलोशिप घरच देते. बाहेरगावहून आलेल्या त्याच्याच वर्गमित्राची तीच अर्धी पीजीच्या खाटेवर जाते.

दुसरा प्रश्न, पैसा कोणाचा? प्रकल्पाला पैसा देणारी संस्था आणि प्रकल्पाची उरलेली मुदत, या दोन ओळी आधी वाचाव्यात. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोन वर्षे उलटून गेल्यावर निघालेली जागा म्हणजे बारा महिन्यांची जागा. तीही वाईट नाही, पण ती बारा महिन्यांची आहे हे माहीत हवे. अनुदानाचा हप्ता उशिरा येणे हाही या धंद्यातला नेहमीचा भोग. चार महिन्यांचे मानधन एकदम हातात पडते, आणि तोवर लोकलचा पास आईच्या पैशांतून निघतो. हे माझ्याही वाट्याला आले आहे.

तिसरा प्रश्न, फेलोशिप जागेची की माणसाची? प्रकल्पातला जेआरएफ प्रकल्पाबरोबर संपतो. परीक्षेतून मिळवलेली फेलोशिप तुमच्या नावावर असते. ती घेऊन तुम्ही गाइड निवडू शकता. म्हणून सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवविज्ञानाची परीक्षा, आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा आणि जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’ यांपैकी एक तरी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षात देऊन पाहावी. नेट वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात शिकवायचे तर सेटही चालते. ती परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

शिकवण्याच्या जागांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते, आणि त्या आकड्यावर डोळा ठेवून पुष्कळ जण नेट-सेट होतात. पण अनुदानित महाविद्यालयांतली भरती रडतखडत चालते. मधल्या काळात बरेच जण ‘तासिका तत्त्वावर’ शिकवतात, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. तासिकेवर एक-दोन वर्षे काढताना प्रयोगशाळेचे दार पूर्ण बंद होऊ देऊ नये. शनिवारचा अर्धा दिवस का होईना, जुन्या गाइडकडे जाऊन काम करावे. हात एकदा सुटला की परत बसायला वेळ लागतो.

पीएचडी झालेल्यांसाठी वरच्या पायऱ्या आहेत. जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप, इन्स्पायर फॅकल्टी, परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप. यांत पैसा तुमच्या नावाने येतो आणि संस्था तुम्हाला जागा देते. इथेही मुदत असतेच. फक्त या काळात तुम्ही दुसऱ्याच्या प्रश्नावर नाही, स्वतःच्या प्रश्नावर काम करता.

आणि एक साधी खूण. खरी संशोधन संस्था नोकरी देण्याआधी ‘अनामत’ किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागत नाही. जी मागते, तिच्याकडे जाऊ नये.

रविवार, मेगाब्लॉक आणि पेशी

या नोकरीत दिवसभर नेमके काय करतात, हे जाहिरात सांगत नाही. म्हणून एक रविवार पाहू.

समजा, मुलुंडची एक मुलगी परळच्या एखाद्या प्रयोगशाळेत जेआरएफ आहे. तिच्याकडे मानवी पेशींचे सहा फ्लास्क आहेत. ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात ते आडवे ठेवलेले असतात. आतले पोषक द्रव, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘मीडिया’, गुलाबी-लाल रंगाचे. पेशी वाढल्या, त्यांनी आम्ल सोडले की रंग पिवळ्याकडे झुकतो. पिवळा म्हणजे पेशी उपाशी. दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलावाच लागतो, आणि पेशींना रविवार कळत नाही.

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. जलद गाड्या धीम्या मार्गावर, सगळे वेळापत्रक अर्धा तास मागे. ती साडेनऊला निघते, अकराला पोहोचते. हातमोजे, सत्तर टक्के अल्कोहोलने निर्जंतुक कामाचा हुड पुसणे, बाटल्यांची तोंडे पुसणे. जुना मीडिया ओढून घ्यायचा, नवा कडेने सोडायचा, पेशींवर थेट धार पडू द्यायची नाही. सहा फ्लास्क, पाऊण तास. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहायचा. पाच ठीक. सहाव्यात पेशींच्या मधे बारीक काळे ठिपके थरथरताना दिसतात. जिवाणू शिरले. ‘कंटॅमिनेशन.’

आता काय? तो फ्लास्क जतन करायची धडपड करायची नाही. ब्लीच घालून फेकायचा, कपाट पुसायचे, वहीत तारीख आणि फ्लास्क क्रमांक लिहायचा. बाकीच्या पाचांना तोच मीडिया दिला होता, म्हणून उद्या सकाळी ते पुन्हा पाहायचे. सोमवारी गाइडला सांगायचे, आणि लपवायचे मुळीच नाही. ठिपके ओळखणे, ते वेळेत सांगणे आणि वही खरी ठेवणे, ही तीन कामे जिला जमतात तिला पुढची जागा मिळते. प्रमाणपत्रावर ती कुठेच छापलेली नसतात, पण शिफारसपत्र लिहिणाऱ्याला ती पाठ असतात.

पवईची नवी पाटी

मुलुंडहून भांडुप-कांजूरमार्गे पवई काही किलोमीटरवर. तिथल्या एका प्रयोगशाळेने अलीकडे दाखवून दिले की या हातांना आता कुठे काम आहे.

काही रक्तकर्करोगांवरच्या ‘कार-टी’ उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात. त्यांत नवे जनुक घालून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या रुग्णाला परत देतात. अमेरिकेत याचा खर्च आपल्या पैशांत तीन-चार कोटी. आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून हा उपचार इथे घडवला. जून २०२१ मध्ये टाटांच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला. आयआयटीत जन्मलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीच्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. खर्च ३० ते ४० लाखांच्या घरात आला.

नोकरीच्या दृष्टीने या उपचाराची बांधणी पाहण्यासारखी आहे. गोळीचा एक घाणा लाखो रुग्णांना पुरतो. इथे प्रत्येक रुग्णाची बॅच वेगळी, कारण औषध त्याच्याच पेशींचे. म्हणजे निर्जंतुक दालनात पेशी वाढवणारे लोक हवेत. फ्लो सायटोमीटरवर त्या मोजणारे हवेत. जिवाणू शिरले नाहीत हे तपासणारे, गोठवलेली पिशवी रुग्णालयापर्यंत नेण्याचे वेळापत्रक सांभाळणारे, रुग्णाची नोंद ठेवणारे चाचणी समन्वयक आणि नियामकाला कागद पुरवणारेही हवेत. यातल्या फार थोड्या जागा शास्त्रज्ञाच्या नावाने निघतात. पण जवळजवळ प्रत्येक जागेवर रविवारी सहावा फ्लास्क ओळखणारी नजर लागते. मेगाब्लॉकमध्ये परळ गाठणाऱ्या मुलीची प्रयोगशाळेतली वर्षे इथे उपयोगी पडतात.

मुलाखतीचा प्रश्न

थेट मुलाखतीत मोठमोठे प्रश्न येतील या भीतीने मुले रात्रभर संज्ञा पाठ करतात. समोरच्याला बहुधा इतकेच पाहायचे असते की हा माणूस उद्या टेबलापाशी उभा राहिला तर काम बिघडवील की नाही. म्हणून प्रश्न साधे येतात. तुमच्या एमएस्सीच्या प्रयोगात काय फसले? कंट्रोल कोणता ठेवला होता? आणि मग एक कागद पुढे सरकतो.

‘कुपीत दहा मिलिग्रॅम फोर्सकोलिन आहे. रेणुभार ४१०.५. दहा मिलिमोलर द्रावण करायचे आहे. ते विरघळवायला किती डीएमएसओ घालाल?’

कॅल्क्युलेटर नको. दहा मिलिग्रॅमला ४१०.५ ने भागले की साधारण २४.४ मायक्रोमोल. दहा मिलिमोलर म्हणजे एका मिलिलिटरमध्ये दहा मायक्रोमोल. उत्तर, सुमारे २.४४ मिलिलिटर. पेशींना देताना ते हजारपट पातळ करायचे, म्हणजे दहा मायक्रोमोलर होते. उरलेले छोट्या नळ्यांत वाटून, तारीख आणि नाव घालून, उणे वीस अंशांवर ठेवायचे.

ज्या केंद्राने ही पावडर पहिल्यांदा वेगळी केली, त्याची पाटी मुलुंडमधून कधीच उतरली. गणित उतरलेले नाही. तुमच्या हातात पेन्सिल आली की ते करून दाखवा, आणि नळीवर तारीख घालायला विसरू नका.